मंडळीचा गळा कोणी धरला?

दिवाळीच्या अंकात ख्रिस्ती देवळातल्या उपासनेचा वाद कशाला, असे काही वाचक म्हणतील. फराळाचे ताट पुढे असताना दुसऱ्याच्या घरातले भांडण कोणी ऐकावे, असेही त्यांना वाटेल. पण हे भांडण एका घरातले नाही. तुमच्या आळीतल्या गणपतीपुढे हल्ली आरती कोण म्हणते, ते जरा आठवून पाहा. पूर्वी आजोबा सुरुवात करीत, पोरे चुकीचे शब्द ठणकावून म्हणत, शेजारची काकू अर्धी ओळ मागे राही, आणि तरी आरती होई. आता ध्वनिक्षेपकातून एखाद्या नामवंत गायिकेची आरती वाजते. जमलेल्यांच्या वाट्याला टाळ्या तेवढ्या उरतात. ज्याचा देव, त्याच्याच तोंडून स्तुती काढून घेण्याचा हा जो उद्योग चालला आहे, तो आमच्या देवळात तुमच्यापेक्षा दोन पावले पुढे गेलेला आहे. म्हणून आमचे ऐका. तुमच्याही उपयोगी पडेल.

प्रथम एक शब्द सांगून ठेवतो. मराठी ख्रिस्ती माणूस 'मंडळी' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात चार पाहुणे नसतात. उपासनेला जमलेला सारा समाज म्हणजे मंडळी. दगडाविटांची इमारत हे नुसते देऊळ. चर्च म्हणजे मंडळी. तेव्हा रविवारी सकाळी उपासना करावयाची असते ती मंडळीने. पुढे उभा राहणारा माणूस ती करीत नाही, तो ती चालवितो. पाण्याचा पाट शेताकडे वळविणारा जसा पाणी निर्माण करीत नाही, तसे हे आहे. इतकी साधी गोष्ट; पण ती विसरल्यामुळे जे झाले आहे त्यावर मला बोलावयाचे आहे.

एका तरुणाने मला परवा सांगितले की, 'वर्शिप लीडर' या शब्दाला मराठीत शब्द नाही. मी म्हटले, बाबा, शब्द नसेल, पण माणूस होता. आमच्या खेड्यांतून त्याला 'भजनाला पुढे बसणारा' म्हणत. तो बसे, हे लक्षात घ्या. हल्लीचा उभा राहतो. त्याच्यावर दिवा असतो, गालापाशी ध्वनिक्षेपकाची काडी असते, मागे ड्रम, दोन गिटारी आणि एक विजेची पेटी. हा डोळे मिटून गातो. उत्तम गातो, यात शंका नाही. पहिले कडवे दोनदा, ध्रुपद चारदा, मग आवाज खाली आणून एकच ओळ आठदा. खाली बाकांवर मंडळी उभी असते. पहिल्या दोन ओळींपर्यंत ओठ हलतात, मग थांबतात, मग माणसे पडद्यावरची अक्षरे नुसती वाचू लागतात. शेवटी पुढचा म्हणतो, "आवाज ऐकू आला नाही, जोरात हालेलूया म्हणा!" अरे, आवाज कसा ऐकू येईल? तो तूच बुडविलास ना!

मी गेली कित्येक वर्षे उपासनेत पेटी वाजवितो, म्हणून पट्टीची गोष्ट थोड्या अधिकाराने सांगतो. मंडळीचा गळा हा एक स्वतंत्र गळा आहे. त्यात सत्तरीची आजी आहे, आवाज फुटण्याच्या वयातला मुलगा आहे, कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला कामगार आहे. या सर्वांचा मिळून आवाका सप्तकभर, फार तर त्याहून एखादा सूर अधिक. षड्ज पांढरी एक किंवा काळी एकवर धरला, तर तार षड्जापर्यंत बहुतेक जण पोचतात. तोही सूर गीतात क्वचितच यावा. पुढच्याने आपल्या गळ्याला शोभते म्हणून काळी तीन धरली, की तार षड्जाला अर्धी मंडळी गप्प बसते आणि उरलेली किंचाळते. यात भक्तीचा अभाव नसतो, पट्टीचा दोष असतो. आणि दोष कोणाला लागतो? मंडळीला! "आपली मंडळी थंड आहे" असे पुढचे लोक उपासनेनंतर चहा पिताना एकमेकांना सांगत असतात.

पट्टीनंतर ठेका. मंडळी एकदम चालू लागत नाही; तिला उठावयाला वेळ लागतो. जुना पुढे बसणारा हे जाणत होता. तो ध्रुपद एकदा एकटा म्हणे, दुसऱ्यांदा टाळकऱ्यांकडे देई, तिसऱ्यांदा सर्वांकडे, आणि मगच कडव्याला हात घाली. लय हळू धरून मंडळी जमली की दुगण करी. ही युक्ती त्याने कोणत्या शिबिरात शिकलेली नव्हती. वारकऱ्यांच्या कीर्तनात कीर्तनकारामागे टाळकरी उभे राहतात ते शोभेला नव्हेत. बुवांच्या ओळीवर झडप घालून ती श्रोत्यांपर्यंत पोचविण्याचे काम त्यांचे. पोवाड्यात झिलकरी हेच करतात. समूहाला गाते करण्याची ही विद्या या महाराष्ट्रात शेकडो वर्षे मुरलेली आहे, आणि आम्ही ती ख्रिस्ती माणसे सोडून परदेशी गायनमंचाची नक्कल करीत बसलो आहोत!

'परदेशी' म्हटल्याबरोबर कोणी माझ्यावर स्वदेशीचा शिक्का मारील. घाई करू नये. ख्रिस्ती धर्म नुकताच बोटीतून उतरला आहे असे समजणाऱ्यांतला मी नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात १६१६ मध्ये मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' छापविले. त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत आणि गोव्याच्या देवळांतून त्या वाचल्या-गायिल्या जात. हा परकी माणूस मंडळीच्या तोंडात बसेल तो छंद शोधावयाला ओवीकडे गेला. अहमदनगरास (आताच्या अहिल्यानगरास) अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आले. त्यांनी आधी आपल्याकडच्या चालींवर मराठी शब्द बसविले. मराठीत लघुगुरूचा हिशेब असतो, तर इंग्रजी चालीला आघात हवा. त्यामुळे ऱ्हस्व अक्षरावर चार मात्रा ताणल्या जात आणि दीर्घ अक्षर घाईत गिळले जाई. गाणारा म्हणे एक, ऐकणाऱ्याला कळे भलतेच. हे ज्यांना खटकले त्यांत कृष्णराव रत्नाजी सांगळे होते. गेल्याच्या मागच्या शतकात, १८६० नंतरच्या त्या काळात, त्यांनी नगरकडे ख्रिस्ती कीर्तन उभे केले. काही मिशनऱ्यांना ते रुचले, काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. लोक मात्र रात्र रात्र बसले.

मग रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५, मृत्यू १९१९. म्हणजे ख्रिस्ती म्हणून त्यांना अवघी चोवीस वर्षे मिळाली. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे टिळक घराघरांत पोचले, पण त्या पुस्तकातला विसरभोळा, रागीट, उदार नवराच लोकांच्या ध्यानात राहिला. आमच्या देवळातले टिळक वेगळे. आमच्या 'उपासना-संगीत' या गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, या अर्थाचे ते बोलत. आणि तो पूल त्यांनी मागाहून मोडून टाकला नाही, मंडळीला त्याच्यावरून ये-जा करू दिली. त्यांचे अभंग गावयाला वाद्यवृंद लागत नाही. टाळ नसले तरी चालते. शेतावरून आलेली बाई ते एकदा ऐकून दुसऱ्या रविवारी म्हणू शकते. याला मी उपासना चालविणाऱ्याची खरी तयारी म्हणतो. टिळक आज पुढे उभे नाहीत, पण शंभर वर्षे होऊन गेली तरी उपासना अजून ते चालवीत आहेत.

आता विरुद्ध पक्षाचे ऐकू. तो पक्ष मूर्ख नाही, म्हणूनच त्याच्याशी भांडावयाचे.

त्यांचे पहिले म्हणणे असे की, देवाला उत्तम तेच द्यावे. बेसूर मंडळीपेक्षा तयारीचे पाच गायक बरे. हे म्हणणे फार जुने आहे. चौथ्या शतकात लावदिकीया येथे भरलेल्या धर्मसभेने ठराव केला होता की, नेमलेल्या गायकांवाचून कोणी देवळात गाऊ नये. हेतू चांगला असेल. गोंधळ माजला असेल. पण पाश्चात्त्य देवळांत पुढे अनेक शतके गाणे पाद्री आणि गायकवृंद यांच्या मालकीचे होऊन बसले आणि मंडळी लॅटिन ऐकत उभी राहिली. ते कुलूप जर्मनीत मार्टिन ल्यूथरने फोडले. १५२४ मध्ये त्याच्या पक्षाचे पहिले गीतपुस्तक निघाले, त्यात सारी आठ गीते होती. आठ! आमच्या पडद्यावर महिन्याला त्याहून अधिक नवी गीते येऊन जातात आणि एकही राहत नाही. रोमन कॅथलिक चर्चनेही हीच गोष्ट उशिरा का होईना मान्य केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा जो लेख मंजूर केला, त्यात श्रद्धावंतांचा पूर्ण, सजाण आणि सक्रिय सहभाग हेच मुख्य उद्दिष्ट धरले आहे. वसईच्या ख्रिस्ती माणसाला आपल्या भाषेत मिस्सा म्हणता येऊ लागली ती त्यानंतर. म्हणजे जे मिळवावयाला युरोपास हजार वर्षे लागली, ते आम्ही ध्वनिक्षेपकाच्या एका भोंग्यापायी परत करीत आहोत. लावदिकीयाला निदान ठराव तरी करावा लागला होता!

दुसरे म्हणणे तरुणांचे. जुन्या चालींवर मुले येत नाहीत, ती दुसरीकडे जातात. नव्या गीतांनी ती टिकतात. मुले कंटाळतात हे खरे, आणि त्याचा दोष मी माझ्या वयाच्या लोकांकडेही देतो. टिळकांचा अभंग प्रेतयात्रेच्या लयीत रडवीत म्हणावयाचा, ढोलकी देवळात आली की नाक मुरडावयाचे, आणि वर 'आमची परंपरा' म्हणून छाती फुगवावयाची, हा ढोंगीपणा मी पुष्कळ पाहिला आहे. ढोलकी तमाशातली म्हणून तिला बाहेर बसविणारी माणसे विलायती ऑर्गनला मात्र पवित्र मानीत. त्या ऑर्गनपेक्षा गिटार अधिक परकी कशी, हे मला कोणी समजावून द्यावे. गिटार राहू द्या. नवी गीतेही येऊ द्या. त्यांत काही चांगली आहेत, आणि टिळकांची गीतेही एके काळी नवीच होती. माझा आक्षेप वाद्याला नाही. सिडनीच्या आणि कॅलिफोर्नियाच्या मोठमोठ्या सभागृहांत ध्वनिमुद्रणासाठी बांधलेली गाणी एकट्या कसलेल्या गळ्यासाठी बांधलेली असतात; त्यांची भाषांतरे करून ती जामखेडच्या मंडळीच्या तोंडात कोंबणे याला माझा आक्षेप आहे. आणि मुलांविषयी म्हणाल, तर पाच मुले मंचावर वाजवितात आणि पन्नास मुले खाली उभी राहून मोबाइल चाळतात. त्या पन्नासांना तुम्ही काय दिलेत?

तिसरे म्हणणे मात्र मला झोपू देत नाही. मुले इंग्रजी शाळांत जातात; त्यांना देवनागरी भराभर वाचता येत नाही. म्हणून पडद्यावर मराठी गीत रोमन अक्षरांत येते. (गंमत पाहा: स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण'ही १६१६ मध्ये रोमन अक्षरांतच छापले गेले. चारशे वर्षांनी आम्ही पुन्हा तिथेच.) पण यावर उपाय पडदा नव्हे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडात पुष्कळांना मुळी कोणतीच अक्षरे येत नव्हती. तेव्हा १६४५ च्या वेस्टमिन्स्टरच्या उपासना-मार्गदर्शिकेने सांगितले की, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी नेमलेल्या माणसाने स्तोत्राची एकेक ओळ आधी वाचावी, मग सर्वांनी गावी. आमच्या आज्यांनी निम्मे 'उपासना-संगीत' असेच पाठ केले; पुढच्याने ओळ द्यावयाची, मागच्यांनी ती उचलावयाची. पाठ झालेले गाणे कोणत्याही लिपीत नसते. पडद्यावरचे गाणे पडदा विझला की विझते.

हे काय किमतीचे आहे ते रविवारी कळत नाही. दोन वर्षांपूर्वी श्रीरामपूरकडच्या एका गावी एका वृद्ध बाईंच्या दफनाला गेलो होतो. भर दुपार, कबरस्तान गावाबाहेर, वीज नाही, पडदा नाही, काही नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि 'एक गीत घ्या' असे त्यांच्या मंडळीतल्या त्या मंचावरच्या तरुण गायकाला सांगितले. बिचाऱ्याने खिशातून मोबाइल काढला; त्याला रेंज नव्हती. तो घोगऱ्या आवाजात दोन ओळी म्हणाला आणि थांबला. कोणी हसले नाही. पेटी खाली ठेवलेली, तिच्या चारी बाजूंना माणसे उभी, आणि गाणे नाही. एवढ्यात मागे उभ्या असलेल्या तीन-चार म्हाताऱ्यांपैकी एकीने टिळकांचा एक अभंग उचलला. पट्टी तिने विचारली नाही. तिच्या गळ्यातून जी निघाली ती सर्वांना पुरली. दुसऱ्या ध्रुपदाला पुरुष आले. कबर बुजेपर्यंत ते चालले होते. त्या बाया गेल्या की पुढच्या खेपेला कोण उचलणार आहे? ज्याला आपण 'वर्शिप' म्हणतो त्याचा हिशेब मी त्या दुपारपासून असा मांडतो.

सन ३८६ मध्ये मिलान शहरात बिशप अँब्रोझ आणि त्याची मंडळी यांना राजमाता जस्टिनाच्या शिपायांनी देवळात कोंडले होते. लोक दुःखाने आणि कंटाळ्याने खचू नयेत म्हणून अँब्रोझने त्यांना स्तोत्रे गावयाला लाविले, असे ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात नोंदले आहे. त्याची आई त्या गर्दीत होती. कोंडलेल्या मंडळीसमोर पाच जणांचा वाद्यवृंद वाजवून भागले नसते. भीती घालवावयाची तर ज्याची भीती त्याचाच आवाज त्याला ऐकू यावा लागतो. देशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांनाही भीतीचे दिवस अपरिचित आहेत असे नाही, एवढेच म्हणून पुढे जातो.

गाण्यावरच मी इतका वेळ घालविला. पण उपासना चालविणे म्हणजे नुसते गाणे नव्हे. प्रार्थनेविषयी थोडे. प्रार्थना चालू असताना मागे विजेच्या पेटीवर मंद सूर सोडण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला करुणरसाची फोडणी वाटते. माणूस देवाशी बोलत असताना पार्श्वसंगीत कशाला? सिनेमात नायिका मरते तेव्हा ते ठीक आहे. शांत राहिले की लोक चुळबुळतात, म्हणून शांतता बुजवावयाची. चुळबुळू द्या! दोन मिनिटांची शांतता सोसवत नसेल तर त्या माणसाला ती मुद्दाम द्यावी. आणि दोन गीतांमध्ये पुढच्याने जे छोटे प्रवचन झोडावयाचे, आपल्याला या आठवड्यात काय काय वाटले ते सांगावयाचे, ते सर्व बंद झाले पाहिजे. प्रवचनाला पाळकसाहेब आहेत; त्यांचेच पुरे लांब असते. शास्त्रपाठ वाचणाऱ्याने तो घरी चारदा मोठ्याने वाचून यावा, ही अपेक्षा फार नाही. तरीही यशयाच्या पुस्तकातली नावे अडखळत, मोबाइलचा पडदा सरकवीत वाचणारे मी दर रविवारी ऐकतो.

जॉन वेस्लीने १७६१ मध्ये आपल्या लोकांना गाण्याविषयी काही सूचना छापून दिल्या होत्या. सर्वांनी गावे, धीटपणे गावे, पण आपला आवाज मंडळीच्या वर निघेल असे ओरडू नये, असा त्यांचा मतलब. शेवटली सूचना मंडळीला नसून जणू आजच्या ध्वनिक्षेपकाला आहे. माझी मागणी त्याहून मोठी नाही. दुसऱ्या कडव्याला पुढच्याने ध्वनिक्षेपक बंद करावा आणि कान द्यावा. मंडळीचा आवाज आला तर तो उपासना चालवीत आहे. नाही आला, तर तो मैफल करीत आहे, आणि मैफलीला दानपेटी फिरवू नये, तिकीट लावावे. नवे गीत महिन्याला एकच घ्यावे आणि चारही रविवार तेच घ्यावे. पट्टी आजीला विचारून धरावी. पुढच्याने मंचावरून खाली उतरून पहिल्या बाकाशी उभे राहावे. शक्य तर बसावे.

"तुम्ही आम्हांला मागे नेता," असे मला एका सभेत सुनावण्यात आले. सुनावणारा माझ्या नात्यातलाच होता, वयाने पुष्कळ लहान, आणि गळा असा की ऐकत राहावे. मी त्याला म्हटले, तुझा गळा मला मागे न्यावयाचा नाही, मंडळीत न्यावयाचा आहे. तो चिडून गेला. तो पुन्हा बोलावयाला येईल अशी माझी खात्री आहे, कारण नाताळ जवळ आला आहे आणि फेरीसाठी त्याला पेटीवाला हवा आहे.

त्या फेरीचेच सांगून ठेवतो. दिवाळीची पणती विझते न विझते तोच आमच्याकडे नाताळच्या गीतांच्या तालमी सुरू होतात. गेली काही वर्षे आमच्या भागात फेरीसाठी टेम्पो ठरवितात, त्यावर जनित्र, भोंगे आणि रंगीत दिवे. मंडळी मागून चालते आणि टेम्पो गातो. या वर्षी टेम्पोसाठी वर्गणी मागावयाला कोणी आले तर माझ्याकडून एक पैसा मिळणार नाही. पेटी मी गळ्यात अडकवून चालेन. ढोलकी हवी, टाळांचे तीन-चार जोड हवेत, एक कंदील पुरे. आणि पहिल्या घराशी पहिले ध्रुपद त्या तिघी-चौघींपैकी जी येऊ शकेल तिने उचलावे. पोरांनी झिलकरी व्हावे. मार्गशीर्षातली थंडी असते, म्हाताऱ्यांसाठी रिक्षा बघावी लागेल. टेम्पोच्या पैशांत ती सहज होते.